वाचनालयाचं रजिस्टर कॉम्प्युटरवर नेताना: पहिल्यांदाच आयटी प्रोजेक्ट हातात घेणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरतं की आता सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, आणि मग कोणाचा तरी पुतण्या किंवा भाची बीसीए, बीएससी आयटी झालेली असते तिच्यावर ते काम येतं. पगार नाही, टीम नाही, कॉलेजात शिकलेलं सॉफ्टवेअर इंजिनियरिंग परीक्षेपुरतं लक्षात असतं. पण खरं सांगायचं तर पहिला प्रोजेक्ट म्हणून याच्याइतकं चांगलं काम नाही, कारण मोठ्या कंपनीतल्या प्रोजेक्टमध्ये जे जे असतं ते सगळं इथे छोट्या आकारात असतं, वेगवेगळ्या अपेक्षा असलेली माणसं असतात, शंभर वर्षांचा विस्कळीत डेटा असतो, पैशाचा हिशोब असतो आणि लोकांची खाजगी माहिती असते. म्हणून प्लॅनिंग, डेटा आणि सिक्युरिटी या तिन्ही गोष्टी मी या एकाच उदाहरणावर सांगतोय. तुमचं काम पतसंस्थेचं असेल, शाळेचं असेल किंवा सोसायटीचं, पायऱ्या फार बदलत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे सगळीकडे तीच लागेल. प्रत्येक पायरीवर स्वतःला दोन प्रश्न विचारायचे: हे चुकलं तर मला कळणार कसं, आणि कळल्यावर मागे कसं यायचं? याचं उत्तर नसेल तर ती पायरी चढायची नाही, मग कमिटी कितीही घाई करू दे.

पहिली पायरी: काय करायचं आणि काय नाही ते एका कागदावर

सुरुवात लॅपटॉप उघडून करू नका. काउंटरवर जाऊन बसा, देवघेव कशी चालते ते बघा. सकाळी पेपर वाचायला येणारे वेगळे, संध्याकाळी पुस्तक बदलायला येणारे वेगळे, आणि ग्रंथपाल मॅडम कार्डांच्या ट्रेमधून ज्या वेगाने सभासदाचं कार्ड काढतात त्या वेगाशी तुमच्या सॉफ्टवेअरची स्पर्धा आहे हे तिथे बसल्यावरच कळतं. स्क्रीनवर तेच काम दुप्पट वेळ खायला लागलं तर महिन्याभरात सगळे परत कार्डावर जातील.

मग सगळ्यांशी वेगवेगळं बोला. "संगणकीकरण" हा शब्द सगळे वापरतात पण प्रत्येकाच्या मनात दुसरंच काहीतरी असतं. कार्यवाहांना वार्षिक अहवालाचे आणि अनुदानाच्या कागदपत्रांचे आकडे पटकन हवे असतात (महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान त्यावर ठरतं, त्यामुळे हे आकडे त्यांच्यासाठी जीव की प्राण आहेत). खजिनदारांना कोणाची वर्गणी थकलीय ते हवं असतं. ग्रंथपालांना अमुक पुस्तक कोणाकडे आहे ते हवं असतं, वाचकाला पुस्तक आत आहे का ते घरबसल्या बघायचं असतं, आणि कमिटीतल्या एखाद्या उत्साही सदस्याला मोबाईल ॲप हवं असतं.

हे सगळं एकदम होणार नाही. म्हणून एका पानावर लिहा, पहिल्या टप्प्यात काय: पुस्तकांची नोंद, सभासदांची नोंद, देवघेव, वर्गणी. आणि त्याच पानावर खाली तितक्याच ठळक अक्षरात लिहा की पहिल्या टप्प्यात काय नाही: ॲप नाही, वेबसाइट नाही, जुन्या नियतकालिकांचं स्कॅनिंग नाही. त्यावर कार्यवाहांची सही घ्या. सही कोर्टात दाखवायला नसते, तीन महिन्यांनी कोणी म्हणालं की "अरे स्कॅनिंग पण होतं ना यात" तर तो कागद पुढे ठेवता येतो आणि भांडण होत नाही. कोणी नवीन काही मागितलं तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका, एका वहीत तारीख घालून लिहा आणि सांगा की याने अमुक इतके दिवस वाढतील, आता करायचं की दुसऱ्या टप्प्यात ते तुम्ही ठरवा. आणि "काम झालं" म्हणजे काय तेही आधीच ठरवा. "सगळी पुस्तकं भरली" एवढं पुरत नाही, "कपाटातून कुठलीही पन्नास पुस्तकं काढली तर त्यातली किमान एकोणपन्नास बरोबर सापडली पाहिजेत" असं काहीतरी मोजता येईल असं हवं.

दुसरी पायरी: अंदाज मोजून करा

किती दिवस लागतील असं विचारलं की आपण तोंडाला येईल ते सांगतो, दोन महिने, तीन महिने. तसं नको. शंभर पुस्तकं घ्या, पण एका कपाटातली सोपी नको, वेगवेगळ्या कपाटांतली घ्या, त्यात पहिलं पान फाटलेली, बाइंडिंग केल्यावर नाव झाकलेली, संस्कृत, इंग्रजी, बालवाङ्मय अशी सगळी येऊ द्या. ती शंभर भरायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा. समजा पाच तास लागले, तर वीस हजार पुस्तकांना एक हजार तास. दोन जण रोज चार चार तास बसले तर १२५ दिवस, म्हणजे महिन्याला पंचवीस कामाचे दिवस धरले तरी पाच महिने, आणि यात तपासणी नाही, लाइट गेलेले दिवस नाहीत, एंट्री करणाऱ्या मुलांच्या परीक्षा नाहीत. हा आकडा कमिटीला आवडणार नाही पण तो आजच सांगा. मग पर्याय काढता येतात, माणसं वाढवा, किंवा आधी फक्त जास्त फिरणारी पुस्तकं घ्या, कथा कादंबरी बालवाङ्मय, आणि संदर्भ विभाग नंतर. मला स्वतःला हा दुसरा पर्याय जास्त पटतो कारण चालू वापर लवकर सुरू होतो.

एंट्री सुरू करायच्या आधी पुस्तकांची प्रत्यक्ष मोजणी मात्र झालीच पाहिजे. रजिस्टरमध्ये आहे आणि कपाटात नाही अशी पुस्तकं प्रत्येक वाचनालयात असतात, ती कॉम्प्युटरवर भरून काय उपयोग, वाचक शोधेल आणि चिडेल. पण रजिस्टरमधली ती ओळ गाळू पण नका, स्टेटस "गहाळ" टाका, बाद करण्याचा निर्णय कमिटीचा असतो, तुमचा नाही.

कॅलेंडर बघताना सणावारांबरोबर वाचनालयाचं स्वतःचं वर्ष बघा. मार्चमध्ये हिशोब आणि ऑडिट, मे महिन्यात सुट्टीतली मुलं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी अंकांची योजना, तेव्हा काउंटरवर श्वास घ्यायला वेळ नसतो. नवी पद्धत चालू करायची तर पावसाळ्यातले मधले आठवडे बरे, जुलै किंवा ऑगस्ट. इतक्या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झालं तर चांगलं सॉफ्टवेअर पण बदनाम होतं.

तिसरी पायरी: सॉफ्टवेअर

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, मी थोडक्यात सांगतो. कोहा हे फुकट आणि ओपन सोर्स आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलं आणि २००० सालापासून वापरात आहे, मराठी युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नीट चालतं, पण लिनक्स येणारं माणूस लागतं. केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेचं ई-ग्रंथालय आहे. बाजारातली विकतची पण आहेत. निवडताना विक्रेत्याला एकच प्रश्न आधी विचारा, माझा सगळा डेटा मला हवा तेव्हा साध्या फाइलमध्ये बाहेर काढून मिळेल का, आणि ते आत्ता समोर करून दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर नमस्कार करून उठा. डेटा आत जातो पण बाहेर येत नाही अशा सॉफ्टवेअरमधून मागे यायची वाटच नसते.

चौथी पायरी: डेटा, इथे घाई नको

सगळ्यात जास्त काम इथे आहे आणि मराठी डेटाच्या अडचणी कुठल्या पुस्तकात फारशा मिळत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

आधी फॉन्ट. कोणीतरी वीस वर्षांपूर्वी पुस्तकांची यादी टाइप करून ठेवलेली असते आणि सगळ्यांना वाटतं की अर्धं काम झालं. ती फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये असते, म्हणजे स्क्रीनवर मराठी दिसतं पण आतमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट काढला की कचरा. ती आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायची आणि मग माणसाने डोळ्याने तपासायची, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. मूळ फाइल तशीच जपून ठेवा, तिला हात लावायचा नाही, काम कायम कॉपीवर.

युनिकोडमध्ये आल्यावर पण संपत नाही. "ॲ" हे अक्षर एक म्हणून टाइप होतं आणि "अ" ला वर चंद्र लावून पण होतं, दिसायला दोन्ही सारखीच, कॉम्प्युटरला मात्र वेगळी. "ऱ्या" मधला अर्धा र सुद्धा दोन पद्धतीने लिहिला जातो. एकाने एका कीबोर्डवरून भरलं, दुसऱ्याने मोबाईलवरून, की "दऱ्या" शोधल्यावर निम्मी पुस्तकं येतात आणि कोणाला कळत पण नाही की निम्मी राहिली. हे जास्त वाईट, कारण चूक दिसतच नाही. म्हणून सगळ्यांना एकच कीबोर्ड लावून द्या आणि आठवड्यातून एकदा सगळ्या फाइलवर एक छोटी स्क्रिप्ट चालवून ही अक्षरं एका रूपात आणा. आकडे पण ठरवून घ्या, दाखल क्रमांक (रजिस्टरमध्ये पुस्तकाला दिलेला नंबर) इंग्रजी अंकांत भरायचे तर सगळ्यांनी इंग्रजीतच.

लेखकांची नावं. आडनाव आधी की नंतर, आद्याक्षरांनंतर स्पेस आहे की नाही, याने एकाच माणसाचे पाच लेखक होतात. शिवाय टोपणनावं, कवितासंग्रहावर कुसुमाग्रज आणि नाटकावर वि. वा. शिरवाडकर, दोन्ही खरं आहे आणि दोन्हीपैकी काहीही शोधलं तरी सगळी पुस्तकं मिळाली पाहिजेत. यासाठी लेखकांची एक मान्य यादी वेगळी बनवा, एंट्री करणाऱ्याने त्यातून निवडायचं, नवीन नाव घालायचा अधिकार एकाच माणसाला. ही यादी ग्रंथपाल मॅडमकडून करून घ्या, त्यांना जे माहीत असतं ते तुम्हाला गुगलवर मिळणार नाही.

आता साल. जुन्या पुस्तकांवर छपाईचं साल शके मध्ये असतं. शके मध्ये ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतं, तर शके १८९५ म्हणजे १९७३. पण एंट्री करणाऱ्याने ते नुसतं १८९५ असं भरलं तर कॉम्प्युटर काही बोलणार नाही कारण १८९५ हे साल पण शक्य आहेच, आणि मग सत्तरच्या दशकातलं साधं पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं दुर्मिळ पुस्तक म्हणून यादीत येतं. म्हणून दोन कॉलम ठेवा, पुस्तकावर जसं छापलंय तसं, आणि दुसऱ्यात इसवी सन.

एक्सेल तर मदत करता करता डेटा बदलतं. सभासद क्रमांक ००४५ लिहिला की ४५ करून टाकतं. तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) कधीकधी मधे ई घालून भलत्याच रूपात दाखवतं आणि तसंच सेव्ह झालं तर शेवटचे आकडे गेले. ०३/०४/१९९८ ही तीन एप्रिल की चार मार्च हे त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं, आणि एकाच कॉलममधल्या काही तारखा बदलतात, काही तशाच मजकूर म्हणून राहतात. १९०० च्या आधीची तारीख तर एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाही, आणि आपल्याकडे त्याआधी सुरू झालेली वाचनालयं आहेत. उपाय सोपा आहे, एंट्री सुरू करायच्या आधीच हे सगळे कॉलम टेक्स्ट करून टाका आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडू नका, डेटा मेनूतून इम्पोर्ट करा आणि यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतील आणि तसंच सेव्ह झालं की संपलं.

ही छोट्या गावाची गोष्ट आहे असं समजू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं की कोविडच्या १५,८४१ केसेस आकडेवारीत आल्याच नव्हत्या, कारण डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये जात होता आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. पुढच्या ओळी गुपचूप गळल्या. यातून आपल्याला घ्यायची सवय एकच: डेटा एका जागेवरून दुसरीकडे नेला की दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या. रजिस्टरमध्ये १८,४१२ आणि सॉफ्टवेअरमध्ये १८,४०९ असतील तर ते तीन शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. तीन तर आहेत म्हणून सोडून दिलं तर ते तीन कुठल्या प्रकारचे होते ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी तेच तीनशे होतात.

आणखी एक, प्रत्येक पुस्तकाची ओळख म्हणजे दाखल क्रमांक. आयएसबीएन जुन्या मराठी पुस्तकांवर नसतोच, नाव आणि लेखक सारखे असलेल्या चार प्रती असतात. पण काही वाचनालयांत मराठी, इंग्रजी आणि बालविभाग यांची रजिस्टरं वेगळी असतात आणि प्रत्येकात क्रमांक एकपासून सुरू, म्हणजे ५०१ नंबरची तीन पुस्तकं. तेव्हा पुढे म, इ, बा असं अक्षर लावा आणि ते पुस्तकावर पण लिहा, नुसतं कॉम्प्युटरमध्ये नको.

पाचवी पायरी: सभासदांची माहिती ही आपली नाही, त्यांची आहे

पुस्तकाची एंट्री चुकली तर पुस्तक सापडत नाही, माणसाची माहिती बाहेर गेली तर त्या माणसाला त्रास होतो, म्हणून मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. फॉर्ममधला प्रत्येक रकाना बघा आणि विचारा, हे कशाला हवंय? नाव, पत्ता, फोन, अनामत, वर्गणी, ठीक. जन्मतारीख कशाला? बालविभागासाठी वय हवं असेल तर तेवढंच घ्या. आधारची झेरॉक्स घेऊन फाइलला लावायची पद्धत सगळीकडे पडलीय, ती बंद करा. पत्त्यासाठी कागद बघा, बघितला अशी खूण करा आणि परत द्या, अगदी ठेवायचाच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार घ्या. जे आपल्याकडे नाहीच ते चोरीला जाऊ शकत नाही.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यातला गाभा असा की माहिती कशासाठी घेतोय ते सांगायचं, संमती घ्यायची, त्याच कामासाठी वापरायची आणि काम संपलं की काढून टाकायची. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, म्हणजे बालविभागाचा फॉर्म आत्तापासूनच तसा करून घ्या.

आणि कोण काय वाचतं ही सुद्धा खाजगी गोष्ट आहे. एखाद्या बाईंनी घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक नेलं, एखाद्याने कॅन्सरवरचं, छोट्या गावात ही माहिती काउंटरवरून घरी पोचायला वेळ लागत नाही. कोहामध्ये परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदीवरून सभासदाचं नाव पुसायची सोय आहे, ती वापरा. पुस्तक परत आलं, दंड नाही, मग कोणी नेलं होतं ते वर्षानुवर्षं ठेवायची गरज काय? अहवालाला किती पुस्तकं गेली एवढाच आकडा लागतो.

एंट्रीसाठी आलेल्या मुलांना सभासदांची यादी व्हॉट्सॲपवर पाठवू नका. पुस्तकांची पाठवली तर चालेल. सभासदांची एंट्री वाचनालयातल्या मशीनवर, तिथेच बसून.

सहावी पायरी: सिक्युरिटी, जी रोज पाळता येईल अशी

अवघड नियम केले की लोक पळवाट काढतात, म्हणून थोडेच करा पण पक्के करा. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन हवं. "एकच पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे, सोपं जातं" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल, तेव्हा शांतपणे समजावून सांगा की उद्या वर्गणीच्या रकमेत फरक आला तर संशय सगळ्यांवर येईल, वेगळं लॉगिन हे त्यांच्याच संरक्षणासाठी आहे. काउंटरवरच्या माणसाला देवघेव करता आली पाहिजे, रेकॉर्ड डिलीट करायचा अधिकार नको. ॲडमिनचं लॉगिन रोजच्या कामाला वापरायचं नाही, तुम्ही स्वतः सुद्धा नाही. पासवर्ड लांब ठेवा, चार पाच शब्दांचा, दर महिन्याला बदलायला लावू नका कारण मग लोक तो मॉनिटरवर चिकटवतात.

वाचनालयाचा ईमेल ही सगळ्याची किल्ली आहे, कारण बाकी सगळे पासवर्ड त्यावरूनच रीसेट होतात. तो बहुतेक वेळा कोणाच्या तरी खाजगी मोबाईलला जोडलेला असतो आणि ती व्यक्ती कमिटीतून गेलेली असते. आजच संस्थेच्या नंबरवर आणा आणि टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

मशीन जुनं असेल तर विंडोज बघा. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने अपडेट देणं जानेवारी २०२० ला थांबवलं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) जगभर पसरलं, त्याला अडवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, दोन महिने आधी. ज्यांनी तो घेतला नाही त्यांच्या फाइली लॉक झाल्या. त्यानंतर साधारण दीड महिन्याने नॉटपेट्या नावाचा तसाच व्हायरस आला आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनरच्या गाड्या बाहेर उभ्या. तो पसरला होता युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! म्हणजे आपण कोणाचं लक्ष्य असावं लागत नाही, वाटेत असलो तरी पुरतं. तेव्हा अपडेट चालू ठेवा, क्रॅक केलेलं कुठलंही सॉफ्टवेअर टाकू नका, आणि मशीनला नवीन विंडोज झेपत नसेल तर लिनक्स टाका, देवघेवीला ब्राउझर पुरतो.

पेनड्राइव्हचा वेगळा उल्लेख करतो कारण वाचनालयाचा पेनड्राइव्ह प्रिंटिंगवाल्याकडे, झेरॉक्सवाल्याकडे, अहवाल छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे फिरत असतो. बाहेर फिरणारा पेनड्राइव्ह देवघेवीच्या मशीनला लावायचा नाही, फाइल ईमेलने पाठवा.

फसवणुकीच्या फोनची तालीम सगळ्यांकडून करून घ्या. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज कट होईल, या नंबरवर फोन करा" हे मेसेज सगळ्यांनी पाहिलेत, त्यात पुढे रिमोट ॲप डाउनलोड करायला लावतात आणि स्क्रीन त्यांच्या हातात जाते. नियम असा करा की फोनवरून कोणी सांगितलं म्हणून काहीही इन्स्टॉल करायचं नाही आणि ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, बँकेचा साहेब असो की पोलीस. काउंटरवर यूपीआयचा क्यूआर लावला असेल तर रोज सकाळी एकदा स्कॅन करून संस्थेचंच नाव येतंय ना ते बघा, वरून दुसरा स्टिकर लावण्याचे प्रकार होतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवायची. इथे मिनिटं महत्त्वाची असतात, आधी कमिटीची मीटिंग घेऊ असं करायचं नाही.

सातवी पायरी: बॅकअप, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो परत आणून बघणं

तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वाचनालयाच्या बाहेर. कोहा नेहमीच्या पॅकेजने टाकलं असेल तर ते रोज रात्री बॅकअप काढतं, पण त्याच मशीनवर ठेवतं, मशीन जळलं की दोन्ही गेलं. ती फाइल बाहेर न्यायची सोय तुम्हाला करावी लागते. एक्स्टर्नल हार्डडिस्क कायम जोडलेली ठेवू नका, रॅन्समवेअर आलं तर तिच्यावरचं पण लॉक होतं. आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढा, कपाटात. आणि गुगल ड्राइव्हला सिंक केलेला फोल्डर हा बॅकअप नव्हे, इकडे बिघडलेली फाइल तिकडे पण बिघडलेलीच जाते. बाहेर जाणाऱ्या कॉपीला पासवर्ड लावा, त्यात सभासद आहेत.

पण नुसता काढलेला बॅकअप काही कामाचा नाही. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत, जिथे सगळे तज्ज्ञच आहेत, ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनियरकडून चुकून मुख्य डेटाबेस डिलीट झाला आणि तेव्हा कळलं की बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. नशिबाने काही तासांपूर्वीची एक कॉपी वेगळ्याच कामासाठी काढलेली होती म्हणून सुमारे सहा तासांचाच डेटा गेला. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. तर महिन्यातून एकदा दुसऱ्या रिकाम्या मशीनवर बॅकअप चढवायचा, पुस्तकांची संख्या मोजायची, चार सभासदांची खाती उघडून बघायची, किती वेळ लागला ते वहीत लिहायचं.

आठवी पायरी: चालू करणं

ठरलेल्या दिवशी वाचनालय एक दिवस बंद ठेवा, बाहेर बोर्ड आठवडाभर आधी लावा. त्या दिवशी बाहेर असलेल्या सगळ्या पुस्तकांची नोंद कार्डांवरून सॉफ्टवेअरमध्ये घ्या, आणि कार्डं मोजा, ओळी मोजा. पुढे महिनाभर कार्ड आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवा. काउंटरवाल्यांना दुप्पट काम होतं, ते कुरकुर करतील आणि त्यांचं बरोबर आहे, म्हणून त्या महिन्यात एक जादा माणूस द्या, पण हा महिना वगळू नका. रोज संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे जुळवा. महिनाभर जुळले की कार्डं बंद, पण फेकायची नाहीत.

लाइट गेली, मशीन बंद पडलं तर काय, याची एक वही काउंटरवर कायम ठेवा: सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, नेलं की आणलं, वेळ. मशीन आलं की त्या ओळी भरायच्या आणि भरल्यावर टिक करायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा तिथली ओपीडी कितीतरी दिवस हाताने लिहून चालवावी लागली. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला कागदावर यावं लागतं, तर आपली वही तयार असलेली बरी.

नववी: तुम्ही नसाल तेव्हा

तुम्हाला नोकरी लागेल, पुण्याला नाहीतर बंगलोरला जाल, आणि बऱ्याच गावांत अशी कामं इथेच थांबतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक दुसरं माणूस बरोबर घ्या, शक्यतो वाचनालयाचंच, आणि महिन्याचा रिस्टोर (बॅकअप परत चढवून बघणं) त्या माणसाकडून करून घ्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा. पाच सहा पानांची साध्या मराठीतली माहिती लिहा: मशीन कसं चालू करायचं, बॅकअप कुठे आहे, हार्डडिस्क कोणाकडे, विक्रेत्याचा फोन, डोमेनचे पैसे कुठल्या महिन्यात भरायचे, लेखकांची यादी कोण सांभाळतं. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर कार्यवाह आणि ग्रंथपाल दोघांच्या सह्या, तिजोरीत. जाताना त्यांच्यासमोर स्वतःचं लॉगिन बंद करा, ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडून बदलून घ्या आणि नवीन पाकीट करायला लावा.